हुकावरचा नारळ

मुरलीअण्णा खाड्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली आणि तेवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नाही. हे त्यांच्या ओळखीतल्या प्रत्येकाने निदान दहा वेळा तरी ऐकलेलं होतं. लग्नात, बारशात, न्हाव्याच्या खुर्चीत, अण्णांना कुठलीही जागा चालत असे. विनाअपघात सेवेचा बिल्ला बैठकीच्या खोलीत काचेत लावलेला होता आणि पाहुण्याचा चहा संपायच्या आत बोलणं फिरून फिरून त्या बिल्ल्यापाशी यायचंच. त्यामुळे ‘सुखयान’च्या आवारात भाड्याची गाडी परत करताना तपासणीच्या कमानीवर लाल दिवा लागला, तेव्हा अण्णा आधी हसलेच.

“ओ ताई, तुमचं मशीन बिघडलंय बघा.”

काउंटरवर मृण्मयी कदम नावाची तिशीतली मुलगी होती. शाखा लहान, काउंटर तीच सांभाळायची आणि गाडीची तपासणी करण्याचं सरकारी प्रमाणपत्रही तिच्याकडेच होतं. तिने पडद्यावरचं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि पडदा अण्णांकडे वळवला.

‘नुकसान: पुढच्या टोचनच्या हुकाचं आवरण तडकलं. कारण: मानवी डोक्याचा आघात. पोलिसांना कळवलं आहे.’

“डोकं?” अण्णांचा आवाज अख्ख्या आवारात गेला. “अहो बाई, डोकं कसलं? नारळ होता तो! खंडेनवमीचा नारळ!”

आणि खरंच नारळ होता. खंडेनवमीला गाडी पुजल्याशिवाय अण्णांनी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. त्यांच्या डेपोची रीत जगावेगळी होती. बाकीचे लोक नारळ दगडावर फोडायचे. यांच्या डेपोत तो गाडीच्याच हुकावर आपटायचा. बंद पडलेली गाडी दोर बांधून ओढायला बंपरखाली असतो ना, त्या टोचनच्या हुकावर. पाणी थेट पुढच्या चाकावर पडलं पाहिजे, तरच गाडीला पोचलं. एसटीतल्या ड्रायव्हरच्या खुर्च्या निघाल्या, गाड्या आपल्या आपण धावायला लागल्या, अण्णा निवृत्त झाले, पण रीत सुटली नाही. आता स्टिअरिंगवाली गाडी हवी तर भाड्यानेच मिळायची, तीही फक्त घाटरस्त्यांसाठी. भाड्याची म्हणून काय झालं? गाडी ती गाडीच. दसऱ्यासाठी आदल्या दिवशीच चिपळूणला लेकीकडे जाताना करंजखिंडीच्या माथ्यावर, देवीच्या देवळापाशी, अण्णांनी गाडीला हार घातला, कुंकू लावलं आणि नारळ हाणला. एका दणक्यात दोन शकलं! शालनने, त्यांच्या बायकोने, खोबऱ्याचा तुकडाही दिला होता हातावर.

अडचण एवढीच होती की तो हुक नुसता लोखंडाचा नव्हता.

या नव्या गाड्यांना रंगाखाली, आणि आत सीट-स्टिअरिंगलाही, एक लेप असतो. केसाहून बारीक असे लाखो तंतू त्यात विणलेले असतात आणि तंतू दाबला गेला की त्यातून जराशी वीज निघते. किती जोराने दाबला, किती वेळ, कशाने, हे त्या विजेच्या चढउतारावरून कळतं. लाकूड वेगळं बोलतं, दगड वेगळा, माणसाचं अंग वेगळं. ओल लागली तर त्या ओलीत किती क्षार आहेत तेही लेप ओळखतो, कारण क्षार असले की वीज जास्त वाहते. गाडी परत आली की कमान हा लेप चाळते आणि जिथे नुकसान झालंय तेवढ्याच आघातांचा सारांश काढते. सारांशात तास असतो. मिनिट नसतं, ठिकाण नसतं. लोकांच्या खाजगी आयुष्यात कुणी डोकावू नये म्हणून कायद्यानेच तसं ठरवलेलं.

आता नारळ घ्या. वर कठीण कवच, आत मऊ थर, त्याच्या आत पाणी, आणि पाण्यात क्षार. आपटला की सेकंदाच्या चारशेव्या भागात तडकतो आणि ओल सुटते. माणसाची कवटीही तशीच तडकते. लेपाला शिकवलं ते परदेशातल्या अपघातांच्या नोंदींवरून. जिथे तो घडला तिथे गाडीवर कुणी नारळ फोडत नाही.

हे सगळं मृण्मयीला समजत होतं. तिच्या वडिलांनी रिक्षावर नारळ फोडलेले तिने पाहिले होते. पण तिने पडद्याचा दुसरा भाग उघडला आणि तिचा चेहरा पडला.

“अण्णा, खंडेनवमीला चार ते पाचच्या दरम्यान झालंय हे. त्याच दिवशी संध्याकाळी करंजखिंडीच्या सहाव्या वळणावर एक म्हातारा गटारात सापडलाय. धोंडीबा झोरे. डोक्याला मार आहे. अजून शुद्धीवर नाही.”

“मग? माझा काय संबंध? मी वर माथ्यावर होतो, देवळापाशी!”

“सारांशात ठिकाण नसतं, अण्णा.”

शालन इतका वेळ मागे बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती उठून आली आणि अण्णांची बाही ओढत म्हणाली, “अहो, हुकाचे काय पैसे होतात ते देऊन टाका आणि चला घरी.”

“पैसे देऊ? म्हणजे डोकं होतं असं कबूल करू? शहाणीच आहेस!”

*

धोंडीबा झोरे दुसऱ्या दिवशी गेला.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. पोलीस आले, जबाब घेऊन गेले. फार सभ्यपणे बोलले, आणि त्या सभ्यपणानेच अण्णांचं पित्त खवळलं. सगळं ठरल्यासारखं बोलत होते. कबुली दिली तर परवाना कायमचा रद्द आणि वर्षभर पायात पट्टा: घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. हरकत घेतली तर पूर्ण वाचन. लेपातलं सगळं उघडायचं, अगदी सीटवर कोण किती वजनाचं बसलं होतं इथपर्यंत. पूर्ण वाचनात गुन्हा निघाला तर मात्र सरळ तुरुंग.

डेपोतले जुने सोबती रोज सकाळी चौकात चहाला जमायचे. अण्णा गेले की बाकावर ऐसपैस जागा व्हायला लागली. कुणी टाकून बोललं नाही. एकाने फक्त विचारलं, “मुरली, झोप तर नव्हती ना लागली?” अण्णा अर्धा चहा ठेवून घरी आले.

लेकीचा, वैजयंतीचा, फोन आला.

“बाबा, खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही.”

“खरंच सांगतोय, वैजू. नारळ होता.”

“लेप चुकत नाही म्हणतात, बाबा.”

“तुझा बाप चुकतो होय गं?”

पलीकडे ती रडायला लागली, आणि रडण्यात विश्वास नाही हे अण्णांना लगेच कळलं. त्यांनी फोन शालनच्या हातात दिला आणि बिल्ल्यासमोर जाऊन उभे राहिले. एकतीस वर्षं! धुक्यात, दरडीत, वऱ्हाडाने खच्चून भरलेल्या गाडीत. आणि आता एक रंगाचा थर म्हणतो, तू माणूस मारलास आणि पळालास.

जगात एकच माणूस त्यांच्या बाजूने होतं. शालन. तिने एकदाही विचारलं नाही. “मला माहीत आहे, तुम्ही कुणाला मारलेलं नाही,” एवढंच म्हणायची आणि भाकरी थापत राहायची. तिचं जेवण मात्र तुटलं होतं. अण्णांना वाटायचं, आपल्या काळजीने झुरते आहे बिचारी.

“हरकत घेतोय मी,” त्यांनी एका दुपारी जाहीर केलं. “पूर्ण वाचन होऊ दे. सगळ्यांची तोंडं बंद करतो.”

शालनच्या हातातली परात ओट्यावर आपटली. “नको हो. कशाला ते? घाट मी उतरवला तेही निघेल त्यात.”

हे एक होतं खरं. नारळ फोडला, आणि सर्दीची गोळी घेतली होती म्हणून अण्णांच्या डोळ्यांवर झापड यायला लागली. झोपेत गाडी चालवणारा माणूस तो नव्हे. त्यांनी किल्ली शालनला दिली आणि मागच्या सीटवर आडवे झाले. निवृत्तीनंतर त्यांनीच तिला शिकवलं होतं. परवाना होता तिच्याकडे. फक्त भाड्याच्या करारात तिचं नाव नव्हतं, म्हणून पोलिसांना ते बोलले नव्हते.

“निघू दे. करार मोडल्याचा दंड भरू. दंडाला कोण घाबरतंय? आणि तुझं चालवणं नारळानंतरचं. त्याचा इथे काय संबंध?”

शालनने परात उचलली आणि धुवायला घेतली.

*

पूर्ण वाचन ‘सुखयान’च्याच मागच्या खोलीत होतं. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर पडदा. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि सदऱ्यावर बिल्ला लावला होता.

मृण्मयीने नियम सांगितले. लेप तीन थरांत उघडतो. पहिल्यात वजनं, दुसऱ्यात स्टिअरिंग आणि ब्रेक, तिसऱ्यात गाडीला बाहेरून झालेला प्रत्येक स्पर्श, ठिकाणासकट. पहिले दोन उघडेपर्यंत हरकत मागे घेता येते. घेतली तर ती कबुलीच धरतात, सगळा लेप पुसला जातो आणि जे वाचलं ते ती कुणाला सांगू शकत नाही. सांगितलं तर तिचं प्रमाणपत्र जातं. तिसरा थर उघडला की तो त्याच क्षणी पोलिसांकडे जातो. मग कुणाच्या हातात काही नाही.

“उघडा, उघडा,” अण्णा म्हणाले. “नारळच दिसणार आहे.”

पहिला थर उघडला. चार अठराला चालकाच्या सीटवरचं एकोणऐंशी किलो वजन उतरलं. चार एकतीसला त्याच सीटवर बावन्न किलो चढलं.

मृण्मयीने वर पाहिलं. “घाट काकूंनी उतरवला?”

“हो. दंड लावा खुशाल. पण बघा, गाडी उभी असतानाच नारळ फुटला, हे सिद्ध झालं की नाही?”

“तिसऱ्या थरात होईल, अण्णा.” तिने दुसरा थर उघडला. आलेखाची रेघ सरळ जात होती. मग ती एकदम उभी चढली. “चार त्रेचाळीस. स्टिअरिंग जोरात डावीकडे. करकचून ब्रेक. मग गाडी उभी, पस्तीस सेकंद.” तिने रेघेवर बोट ठेवलं. “इथे कशाला थांबला होतात?”

“थांबलो? कुठे? आम्ही तर थेट पायथ्याला...” अण्णांनी शालनकडे पाहिलं.

शालन मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. बोट पांढरं पडलं होतं, तरी ती गुंडाळतच होती.

अण्णांना आठवलं. मागच्या सीटवरून ते घसरले होते. डोळे न उघडताच विचारलं होतं, काय झालं गं? आणि ती म्हणाली होती, काही नाही, खड्डा होता, झोपा तुम्ही.

“ताई,” अण्णा म्हणाले, “दहा मिनिटं द्या जरा.”

*

बाहेर आवारात धुतलेल्या गाड्या उन्हात वाळत होत्या. दोघं बाकावर बसले. अण्णांनी विचारायची गरज पडली नाही.

“समोरून टेम्पो आला,” शालन म्हणाली. “मी डावीकडे घेतली. कडेने ते चालले होते, डोक्यावर गवताचा भारा. मागच्या दाराला भाराच घासला, असं वाटलं मला. गवत मऊ असतं ना हो. मी थांबले. आरशात बघितलं तर ते खाली बसले होते आणि त्यांनी हात वर केला. मला वाटलं, जा म्हणतायत. काही झालं नाही, जा.”

“उतरली का नाहीस?” अण्णांचा आवाज फाटला. “शालन, उतरून बघायचं ना! दोन पावलांवर माणूस पडलाय आणि तू...”

“दार उघडलं असतं तर तुम्ही जागे झाला असतात.”

अण्णांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

मैदानावर शिकवताना एकदा तिच्याकडून गाडी पाण्याच्या बादलीला लागली होती. बादली चेपली, गाडीला काही झालं नव्हतं. अण्णा तीन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी बोलले ते, एकतीस वर्षांत मी ओरखडा येऊ दिला नाही आणि तू, असं. तिने ऐकून घेतलं होतं. ती सगळंच ऐकून घ्यायची. आणि त्या घाटात, पस्तीस सेकंद, रस्त्यावर पडलेल्या माणसापेक्षा मागे झोपलेल्या माणसाचीच तिला जास्त भीती वाटली होती.

“रोज सांगेन म्हणत होते,” ती म्हणाली. “तुम्ही बिल्ला पुसत बसायचात.”

अण्णांना तिच्यावर ओरडायचं होतं. रडायचंही होतं. ते काहीच जमलं नाही. त्यांनी तिच्या बोटाचा बंद सोडवला, उठले आणि आत गेले.

“हरकत मागे घेतो.”

मृण्मयी खुर्चीतून अर्धी उठली. “अण्णा, तिसरा थर उघडला की नारळ निघेल. तुम्ही सुटाल.”

“मी सुटेन,” अण्णा म्हणाले. “कागद द्या.”

तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर बाकावर बसलेल्या शालनकडे. कागद पुढे केला. “कारण स्वतःच्या हाताने लिहावं लागतं.”

अण्णांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: नारळ नव्हता. माणूस होता. गाडी मी चालवत होतो. सही केली, सदऱ्यावरचा बिल्ला काढून खिशात टाकला. पडद्यावर लेप पुसल्याची खूण आली. याला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

*

पट्टा डाव्या पायात होता. उंबरा ओलांडला की वाजायचा आणि चौकीतही वाजायचा. काचेतली जागा रिकामी होती. वैजयंतीने दिवाळीला मुलांना पाठवलं नाही, कारणही सांगितलं नाही. चौकातलं कुणी फिरकलं नाही. अण्णांनी शालनला एकच ताकीद दिली होती: या घरात तो विषय निघायचा नाही. त्यामुळे दुसराही कुठला निघत नव्हता.

एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, उन्हाने रापलेली, पायात धुळीने भरलेल्या चपला.

“मी जिजा,” ती म्हणाली. “धोंडीबा झोऱ्याची लेक. भांडायला न्हाई आले.”

अण्णांनी तिला बसायला सांगितलं. ती खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली.

“मला एवढंच विचारायचंय. आबानं शेवटाला काय केलं? तुम्हीच शेवटचं बगितलं त्यास्नी. दवाखान्यात डोळंबी उघडलं न्हाईत.”

अण्णांनी पोलिसांच्या, वकिलाच्या, न्यायाधीशाच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते त्या वेळी तोंड उघडं टाकून झोपले होते.

“काही नाही,” ते म्हणाले. “मी... मी पाहिलं नाही नीट.”

“थांबलाच न्हाई व्हय?”

“थांबलो होतो.”

“मग थांबून काय बगितलं?”

स्वयंपाकघराच्या दारात शालन येऊन उभी होती. कधी आली कळलं नव्हतं.

“शालन, आत जा,” अण्णा म्हणाले.

ती आत गेली नाही. येऊन जिजासमोर खाली बसली.

“गाडी मी चालवत होते,” ती म्हणाली. “हे झोपले होते. तुमचे वडील खाली बसले होते आणि त्यांनी हात वर केला. असा.” तिने उजवा हात वर केला, कोपरात वाकवून, तळवा पुढे. “मला वाटलं, जा म्हणतायत. म्हणून मी गेले.”

जिजा त्या हाताकडे बघत राहिली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. अण्णांना वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आबाचा आवाज गेला हुता,” ती शेवटी म्हणाली. “दोन वर्सामागं गळ्याचं आपरेशन झाल्यालं. लांबनं हाक मारायची झाली की असाच हात करायचं. मी रानात असले की बांधावरनं मला असंच बोलवायचं.”

शालनचा हात खाली आला. तिने तोंडावर पदर घेतला आणि आतून जो आवाज आला तो अण्णांनी चाळीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. ते उठून तिच्याजवळ गेले, पण खांद्यावर हात ठेवायचं धाडस झालं नाही.

“मी चौकीत जाऊन सांगते,” ती जरा वेळाने म्हणाली.

“कोण ऐकणार आहे?” अण्णा म्हणाले. “लेप पुसला, शालन. कागदावर माझी सही आहे. नवऱ्याला सोडवायला बायको खोटं बोलते, असंच म्हणतील. कशाचा पुरावा आहे आता?”

जिजा भिंतीला हात लावून उठली. लुगड्याची धूळ झटकली.

“मी ऐकलं न्हवं का?” ती म्हणाली. “चला बाई.”

शालनने डोळे पुसले, चपला घातल्या. अण्णांकडे एकदाच वळून पाहिलं, आणि त्या पाहण्यात पहिल्यांदाच भीती नव्हती. दोघी अंगण ओलांडून रस्त्याला लागल्या, एक पुढे, एक जरा मागे.

“थांबा,” अण्णा म्हणाले, “मीही येतो.”

त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तसा पायातला पट्टा कर्कश वाजायला लागला. शेजारच्या खिडक्या उघडल्या. शालन वळली नाही. अण्णांनी पाऊल मागे घेतलं, पट्टा गप्प झाला, आणि दोघी वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत ते दाराची चौकट धरून उभे राहिले.